वरून ओतलेले पाणी

बुधवार पेठेतल्या आमच्या विहाराला लागून एक खोली आहे. तिथे दोन वर्तमानपत्रे येतात, स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तके आहेत आणि वर्गणीतून घेतलेला एक संगणक आहे. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी तिथे बसतो आणि वस्तीतल्या पोरांचे, बायांचे अर्ज भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, निराधार अनुदान, जे असेल ते. पूर्वी माणसे चावडीवर हेलपाटे घालीत. आता चावडी काचेच्या पडद्यात शिरली आहे. हेलपाटे मात्र तेवढेच आहेत.

गेल्या वर्षी या खोलीत एक मुलगा आला. जन्मापासून दिसत नाही. आई विड्या वळते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. खिशातून मोबाइल काढून त्याने कानाला लावला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. तो मोबाइल बोलणारा होता. बोट जिथे पडेल तिथे काय लिहिले आहे ते तो वाचून दाखवतो. वर्तमानपत्र, निरोप, अभ्यासाच्या टिपा हे सारे तो असेच वाचतो, आणि वाचतो ते माझ्यापेक्षा जलद. मला वाटले, याला माझी गरज कशाला पडावी?

एका शिष्यवृत्तीचा अर्ज होता. नाव, पत्ता, जात, कॉलेज ही माहिती त्याने घरीच भरली होती. पुढे एक चौकट आली. त्यात वेडीवाकडी अक्षरे काढलेली, त्यावर रेघोट्या मारलेल्या. तुम्ही माणूस आहात, यंत्र नाही, हे पटवण्यासाठी ती अक्षरे ओळखून लिहायची. याला 'कॅप्चा' म्हणतात. मोबाइल ते चित्र वाचू शकत नव्हता. "काका, एवढी अक्षरं सांगा की," तो म्हणाला. मी सांगितली. पुढे कागद जोडण्याची पाच बटणे होती. कोणते बटण कशाचे, हे डोळ्यांना दिसत होते, पण बनवणाऱ्याने त्यांना आतून नावच दिलेले नव्हते. मोबाइल म्हणत होता, "बटन. बटन. बटन." तो चाचपडत असताना ठरलेली मिनिटे संपली आणि सगळा अर्ज कोरा झाला. तिसऱ्या खेपेला त्याने मोबाइल बाजूला ठेवला, आपला परवलीचा शब्द मला सांगितला आणि म्हणाला, "तुम्हीच भरा."

मी भरला. दहा मिनिटांचे काम. तो गप्प बसून होता. नंतर कळले की आदल्या वर्षी त्याने एका दुकानात पैसे देऊन असाच अर्ज भरून घेतला होता. दुकानदाराने घाईत अर्जावर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. पुढचे सारे निरोप दुकानदाराकडे गेले. अर्जात त्रुटी आहे, अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा, असा एक निरोप त्यात होता. तो याला कधी कळलाच नाही. वर्षाचे पैसे बुडाले. तक्रार कुणाविरुद्ध करायची? दुकानदार म्हणणार, मी मदत केली. कार्यालय म्हणणार, आम्ही निरोप पाठवला.

आपल्या भाषेत दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे असा एक वाक्प्रचार आहे. ज्यांनी तो रूढ केला त्यांच्यासाठी ती उपमा असेल. आपल्या आज्या-पणज्यांसाठी ती रोजची गोष्ट होती. विहिरीच्या कडेला घागर ठेवून तास-तास उभे राहायचे. कुणाला दया आली तर तो वरून ओतील, आपण खाली ओंजळ धरायची. पाणी मिळत नव्हते असे नाही. मिळत होते. पण कधी, किती आणि कुणाच्या हाताने, हे आपल्या हाती नव्हते. त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. मी ते प्रेमाने ओतले, हा मुद्दाच नाही.

म्हणून हा लेख. अपंगांच्या हक्कांचा कायदा संगणकाविषयी, मोबाइलविषयी, संकेतस्थळांविषयी काय म्हणतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना जवळजवळ ठाऊक नाही. मलाही नव्हते. ते समजून घेताना मला जे दिसले ते इथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करायला हवी, कारण शब्द हे आपले जुने दुखणे आहे. मी 'अपंग' हा शब्द वापरतो आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने भारताविषयी निरीक्षणे नोंदवताना या शब्दावर नापसंती दाखवली. आम्हांला यात नवल वाटू नये. अस्पृश्यांना देवाची माणसे म्हणणारा एक शब्द आपल्यालाही चिकटवण्यात आला होता आणि १९३८ च्या जानेवारीत, तो शब्द कायद्यात घालू नका असे सांगूनही सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या विधिमंडळातून उठून बाहेर पडले होते. देवत्व देणे स्वस्त असते. पायरी तोडून उतार बांधायला मात्र पैसे लागतात.

त्याहून महत्त्वाचा शब्द राज्यघटनेत आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपण पाठ म्हणतो. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता कुणावर लादणे हा गुन्हा आहे. इथे इंग्रजी मसुद्यात 'डिसॅबिलिटी' हाच शब्द आहे. आज अपंगत्वासाठी जगभर जो शब्द चालतो, तोच. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. महाराला तहान होती, हात होते, घागर होती. विहिरीला पाणी होते. तरी तो पाणी काढू शकत नव्हता. ही असमर्थता त्याच्या देहात नव्हती. ती विहिरीभोवती बांधलेली होती. घटनेने तिला नेमके नाव दिले आणि ती 'लादली' जाते हेही सांगितले.

आता त्या मुलाकडे पाहा. त्याला दिसत नाही हे खरे. पण अर्ज भरता न येण्याचे कारण ते नव्हते. बाकीची माहिती त्याने घरीच भरली होती. जिथे बनवणाऱ्याने बटणाला नाव दिले नाही, तिथे तो अडला. डोळे नसणे ही निसर्गाची गोष्ट आहे. बटणाला नाव नसणे ही माणसाची करणी आहे. अपंगांच्या चळवळीने जगभर गेली पन्नास वर्षे हाच विचार मांडला आहे, आणि तो समजायला आपल्याला परदेशी ग्रंथ वाचावे लागू नयेत. तो आपल्याच अनुभवाचा विचार आहे.

आणि ही माणसे आपल्यापासून वेगळी आहेत असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, सर्वांत अधिक. कारणे शोधायला लांब जायला नको. बाळंतपणातले हाल, पोटाला न मिळालेले अन्न, वेळेवर न झालेले उपचार आणि अंगमेहनतीची धोक्याची कामे. सोलापुरात तर यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढून ज्यांचे कान गेले अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या कितीकांकडे अपंगत्वाचा दाखला असेल? 'म्हातारा झाला, ऐकू येत नाही' एवढ्यावर विषय संपतो. मग बँकेतून खात्री करायला फोन येतो, आणि फोनवर बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

जात आणि अपंगत्व एकाच देहात आले की काय होते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली या खटल्यात घेतली. अत्याचार झालेली तरुणी अंध होती आणि अनुसूचित जातीची होती. ती स्त्री आहे, दलित आहे आणि अंध आहे, ही तीन ओझी वेगवेगळी मोजता येत नाहीत, असे न्यायालयाने विस्ताराने मांडले. तरीही अत्याचार जातीमुळेच झाला हे पुराव्याने सिद्ध झाले नाही म्हणून ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा टिकली नाही. बलात्काराची जन्मठेप टिकली. हा निकाल आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही, याचे मला वाईट वाटते.

आता कायद्याकडे वळू. १९९५ सालचा पहिला अपंग कायदा सात प्रकारची अपंगत्वे मानत होता. त्यानंतर २००६ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार आला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्या कराराप्रमाणे नवा कायदा करणे भाग होते. तो 'अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६'. अंमल सुरू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत; कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, ॲसिड हल्ल्यात होरपळलेले आहेत, सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण आहेत. याचे ९२ वे कलम वाचताना आपला माणूस दचकेल: चारचौघांत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा. शब्दरचना आपल्या १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या वळणाची आहे.

आपल्या विषयाची कलमे चाळिसाव्यापासून सुरू होतात. ४० वे म्हणते, केंद्र सरकारने सुगम्यतेचे नियम करावेत. त्यात इमारती आणि वाहतूक आहे, तशी माहिती आणि संपर्काची साधनेही आहेत. ४२ वे म्हणते, ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा. चित्रफितीला खुणांची भाषा आणि खाली मजकूर असावा. ४६ वे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने या नियमांप्रमाणे सेवा दिली पाहिजे, आणि नियम आल्यापासून दोन वर्षांत. म्हणजे बँकेचे ॲप, दवाखान्याची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, वीजबिल हे सारे यात आले. ८९ व्या कलमात दंड आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत. पुन्हा केल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

वाचताना छाती भरून येते. मग तो मुलगा अडला का?

कारण नियम. १५ जून २०१७ रोजी निघालेल्या नियमांतल्या पंधराव्या नियमात म्हटले की संकेतस्थळे सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असावीत आणि त्यांवरचे दस्तऐवज वाचता येतील अशा स्वरूपात असावेत. आता 'मार्गदर्शक तत्त्वे' या शब्दावर थांबा. ही तत्त्वे पहिल्यांदा २००९ साली निघाली, २०१८ ला सुधारली, २०२३ ला तिसरी आवृत्ती आली. चांगली आहेत, अभ्यासाने केलेली आहेत. पण पाहा, पटले तर करा, असा त्यांचा एकूण बाज. कायदा म्हणतो 'केलेच पाहिजे', आणि त्याचा नियम म्हणतो 'केल्यास बरे'.

आपण हे कुठे पाहिले आहे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी ती शिफारस होती. सरकारने खात्यांना हुकूमही पाठवले. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तीन वर्षे एकही अस्पृश्य त्या तळ्यावर जाऊ शकला नाही. स्वतः बोल्यांना हे कळून चुकले होते. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला की ज्या संस्था अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करा. शिफारशीला दात लागतात, हे त्यांना तीन वर्षांत समजले. आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हाही ते पाण्यासाठी उतरले नव्हते. पाणी काय, वरून ओतून मिळतच होते. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

आता अलीकडचा निकाल पाहा. राजीव रतुरी हे दृष्टिबाधित गृहस्थ. रस्ते, इमारती, वाहने अपंगांना वापरता यावीत म्हणून २००५ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्देश दिले; ते नीट पाळले गेले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने मुळावर बोट ठेवले. पंधरावा नियम हा मूळ कायद्याशीच विसंगत आहे. कायद्याला सक्ती अपेक्षित असताना हा नियम केवळ शिफारस करतो. तो टिकू शकत नाही. ज्या गोष्टींत तडजोड चालणार नाही त्या वेगळ्या काढा आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असे केंद्राला सांगितले. मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली, तेव्हा असे नियम हाती आलेले नव्हते. महाडला तीन वर्षे आणि पुढे दहा वर्षे लागली होती हे आठवून मी स्वतःची समजूत घालतो, पण ती फारशी पटत नाही.

त्याच वर्षी, ३० एप्रिल २०२५ रोजी, न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने आणखी एक निकाल दिला. दोन याचिका होत्या. एक ॲसिड हल्ला सोसलेल्या प्रज्ञा प्रसून यांची, दुसरी अंध वकील अमर जैन यांची. बँकेत खाते उघडताना, मोबाइलचे कार्ड घेताना आता कॅमेऱ्यासमोर बसून ओळख पटवावी लागते. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटो नाही, हे कळावे म्हणून यंत्र म्हणते, डोळ्यांची उघडझाप करा. ॲसिडने ज्यांच्या पापण्या जळाल्या, त्यांनी काय करावे? जिला अंधारातच जगायचे आहे तिने कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा कसा बसवावा? यंत्राच्या लेखी ही माणसे जिवंतच नाहीत. न्यायालयाने म्हटले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि २० निर्देश दिले. पापणी लववण्याला पर्याय द्या. कागदावरची जुनी पद्धत बंद करू नका. अंगठ्याचा ठसा ग्राह्य धरा. प्रत्येक खात्यात सुगम्यतेसाठी जबाबदार अधिकारी नेमा. ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून तपासणी करा. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: संकेतस्थळ वा ॲप लोकांपुढे ठेवण्याआधी ते अंध माणसांकडून वापरून पाहा. आपल्यासाठी काय योग्य ते आपल्याला न विचारता ठरवणारे पुष्कळ झाले.

अंगठ्यावरून आठवले. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बाया आहेत. तेंदूचे पान आणि तंबाखू घासून घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट होतात. रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणते, जुळत नाही. ही बाई कायद्याच्या २१ प्रकारांत कुठेच बसत नाही. काम करून करून झिजलेले बोट हे अपंगत्व नव्हे असे कायदा मानतो. यंत्र मात्र तिला अपंग करून टाकते. आपल्या लेखक-कवींनी एकलव्याच्या अंगठ्यावर पुष्कळ लिहिले. या अंगठ्यावरही कुणीतरी लिहायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले आहे की बोटांचे ठसे नसलेल्याला डोळ्यांच्या बुबुळावरून आधार मिळू शकतो आणि दोन्ही नसले तरी नोंदणी नाकारता येत नाही. हे प्रत्येक आधार केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

आता पालन करायचे म्हणजे नेमके काय करायचे? आपली पोरे आज नगरपालिकांत, शाळांत, बँकांत, संगणकाच्या कंपन्यांत आहेत. त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. अंध माणूस पडदा पाहत नाही, ऐकतो. त्यासाठी 'स्क्रीन रीडर' नावाची प्रणाली असते. त्यांतली 'एनव्हीडीए' ही २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केली. ती फुकट मिळते आणि मराठीही वाचते. ही प्रणाली पडद्यावरचे चित्र वाचत नाही, त्यामागे लिहिलेला मजकूर वाचते. म्हणून प्रत्येक बटणाला, प्रत्येक रकान्याला आतून नाव हवे. चित्र असेल तर ते कशाचे आहे हे दोन शब्दांत मागे लिहिलेले हवे. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, तो मथळा म्हणून नोंदवावा लागतो. मग ऐकणारा मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत हवे तिथे पोहोचतो. सगळे काम माउसशिवाय, नुसत्या कळफलकावर करता आले पाहिजे. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना आणि वाढवून घेण्याची सोय हवी. कॅप्चाला पर्याय हवा. नुसते 'लाल रकाने भरा' असे म्हणू नये, कारण रंग न ओळखणारेही आहेत. ज्यांना अंधूक दिसते त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक निदान ४.५ ला १ असावा आणि अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर तुटू नये. हे मोजमाप जागतिक आहे. आपल्या मानक संस्थेचे भारतीय मानक १७८०२ त्याच धर्तीचे आहे आणि मे २०२३ मध्ये ते नियमांत समाविष्ट झाले. युरोपात २८ जून २०२५ पासून खासगी कंपन्यांनाही असेच बंधन लागू झाले आहे. तिथे माल विकणारी आपली कंपनी ते निमूटपणे पाळते. मग इथे का अडते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मराठीची एक खास अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. आपली कितीतरी कागदपत्रे अजून कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या टंकांत तयार होतात. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती मराठी नसतातच. कृतीदेवात 'महाराष्ट्र' लिहिले तर आत ई, जी, के, जे, के अशी रोमन अक्षरे साठवली जातात. डोळस माणसाला महाराष्ट्र दिसतो; अंध माणसाच्या कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग पडते. युनिकोडमध्ये लिहिले की हा प्रश्न मिटतो, खर्च काहीच नाही. दुसरी खोड म्हणजे पत्र टाइप करायचे, छापायचे, शिक्का मारायचा आणि त्याचा फोटो काढून संकेतस्थळावर टाकायचा. तो कागद राहत नाही, चित्र होते. आणि चित्र मुके असते.

इथे आपल्या अंगणातही पाहायला हवे. आपल्या चळवळीची जुनी नियतकालिके जपावीत म्हणून आपण त्यांची पाने छायाचित्रे काढून साठवतो. काम थोर आहे, पण अंध वाचकाला त्यातले एक अक्षरही मिळत नाही. जयंतीची, परिषदेची पत्रिका आपण रंगीत चित्र करून मोबाइलवर पाठवतो. खाली चार ओळी मजकूर लिहायला आपल्याला जड जाते. विहाराला पायऱ्या आहेत आणि उतार नाही. ज्यांनी शतकानुशतके दाराबाहेर काढली, त्यांनी बांधलेल्या दारात तरी कुणी अडू नये! खरे तर कायद्याची आडकाठीही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंगांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणणे हा लेखनहक्काचा भंग ठरत नाही, आणि याच कामासाठी २०१३ साली झालेल्या मराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ साली, मान्यता देणारा देश भारत होता. आपल्या साहित्यातली निवडक पन्नास पुस्तके युनिकोडमध्ये आणायला दहा पोरे आणि एक उन्हाळा पुरेल.

तक्रारीची वाट लांब आहे, पण आहे. राज्यासाठी आयुक्त पुण्याला बसतात, देशासाठी मुख्य आयुक्त दिल्लीला. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. राहुल बजाज या अंध वकिलांनी २०२२ साली दवाखान्याच्या वेळा ठरवून देणाऱ्या एका खासगी ॲपविरुद्ध मुख्य आयुक्तांकडून आदेश मिळवला. खासगी कंपनीही या कायद्यातून सुटत नाही, हे त्यातून पक्के झाले. तक्रारीत नुसते 'चालत नाही' असे लिहू नये. कोणती तारीख, कोणते पान, कोणते बटण, स्क्रीन रीडर काय म्हणाला, हे लिहावे. जमले तर त्या आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडावे. साहेबाला एकदा "बटन, बटन, बटन" ऐकू द्यावे.

आम्ही तसे केले. त्या मुलाने स्वतः तक्रार टाइप केली, मी फक्त कलमांचे आकडे तपासले. ४०, ४२, ४६ आणि दोन्ही निकालांच्या तारखा. ध्वनिमुद्रण जोडले, संबंधित कार्यालयाला पाठवले. पाच आठवड्यांनी उत्तर आले. मोबाइलवर. त्याने उघडले, बोट फिरवले, मोबाइल म्हणाला, "चित्र." सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो होता. मी वाचून दाखवू का म्हणालो, तर तो नको म्हणाला. तिथेच बसून त्याने उलट टपाली लिहिले: आपले पत्र मिळाले, परंतु ते मला वाचता आले नाही; कृपया वाचता येईल अशा स्वरूपात पाठवावे. पत्रात काय आहे हे मला अजून माहीत नाही. त्यालाही नाही.